टाइपकास्टिंगच्या धंद्यात दिग्गजांना टक्कर देणारा मराठी माणूस : शंकर आबाजी भिसे

मोबाईल कंपन्यांची पेटंटवरून होणारी भांडणं आपण बातम्यांत वाचतो. २०१३ मध्ये एरिक्सनने मायक्रोमॅक्सला दिल्ली उच्च न्यायालयात खेचलं होतं. वाद एकच, आमचं तंत्रज्ञान वापरता, तर त्याची रॉयल्टी किती देणार?

पण पेटंट हातात आहे आणि त्यावर पैसा लावायला कुणी तयार नाही, असं झालं तर? एका मराठी माणसाची अख्खी उमेद यातच गेली. त्यांचं नाव शंकर आबाजी भिसे.

जन्म २९ एप्रिल १८६७, मुंबईचा. यंत्रांचं वेड लहानपणापासूनचं. तेव्हा बाजार मुंबईचा असो की हिंगोलीचा, किराणा तराजूनेच तोलला जायचा. भिसेंनी माल आपोआप तोलून देणारं यंत्र आखलं आणि लंडनच्या एका नियतकालिकाची स्पर्धा जिंकली. काँग्रेसचे दिनशा वाच्छा यांनी दादाभाई नौरोजींच्या नावे शिफारसपत्र दिलं आणि गडी लंडनला पोहोचला. दादाभाईंनी पैशाचीही मदत केली. भिसेंच्या विजेच्या जाहिरात पाट्या क्रिस्टल पॅलेसमध्ये झळकल्या.

खरा डाव मात्र छपाईचा होता.

त्या काळी छापखान्यात प्रत्येक अक्षराचा शिशाचा खिळा लागायचा. वितळलेला धातू साच्यात ओतून हे खिळे पाडले जात. लायनोटाइप आणि मोनोटाइप या बड्या कंपन्यांच्या यंत्रांचा दबदबा होता. भिसेंनी एका वेळी अनेक खिळे पाडणारं यंत्र काढलं, नाव ‘भिसोटाइप’. नेहमीची यंत्रं मिनिटाला दीडशेच्या आसपास खिळे पाडत, तर यांचं यंत्र बाराशेपर्यंत जातं असं सांगितलं जाई. कॅस्लन या नामांकित फाउंड्रीतल्या इंजिनिअरांचा विश्वास बसेना, तेव्हा भिसेंनी यंत्र बनवून दाखवलं.

इथे एक गोष्ट समजून घ्या. पेटंट म्हणजे दुसऱ्याला नकल करण्यापासून रोखायचा हक्क. ते पैसे देत नाही. पैसे हवेत तर स्वतः कारखाना काढा, नाहीतर कुणाला तरी लायसन्स द्या. त्यात ब्रिटिश पेटंटची मुदत तेव्हा १४ वर्षांची होती. मधल्या वर्षांची फी भरली नाही की हक्क आधीच संपायचा. शिवाय प्रत्येक देशात वेगळं पेटंट काढा, वेगळा खर्च करा. भांडवलदाराला घाई नसते. घड्याळ चालू असतं ते संशोधकाचं.

दादाभाईंनी भिसेंची गाठ समाजवादी नेते हेन्री हिंडमन यांच्याशी घालून दिली. भांडवलशाहीवर तुटून पडणारा हा माणूस भिसेंसाठी भांडवलदार शोधायला निघाला, हीसुद्धा गंमतच! १५ हजार पौंड उभे करायचं ठरलं, पण १९०७ च्या अखेरीस बेत फसला. त्याच वर्षी दादाभाईही भारतात परतले होते.

भिसेंनी लंडनचा गाशा गुंडाळला. १९०८ मध्ये परतताना बोटीवर भेटले गोपाळ कृष्ण गोखले. गोखल्यांनी सर रतन टाटांकडे शब्द टाकला आणि १९१० मध्ये ‘टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट’ उभं राहिलं. संशोधन भिसेंचं, पैसा टाटांचा. पण पहिल्या महायुद्धाच्या काळात तीही साथ सुटली.

भिसे खचले नाहीत, थेट न्यूयॉर्कला गेले. तिथे टाइप कास्टरसाठी कंपनीही निघाली, पण लायनोटाइप-मोनोटाइपच्या बाजारपेठेला धक्का लागला नाही. शेवटी हातात पैसा आला तो वेगळ्याच वाटेने, आयोडीनपासून बनवलेल्या ‘ॲटोमिडीन’ या औषधातून.

अमेरिकेत त्यांना ‘भारताचा एडिसन’ म्हणू लागले होते. १९३० मध्ये त्यांची खुद्द एडिसनशी भेट झाली. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये भिसे गेले. सुमारे २०० शोध आणि ४० पेटंट त्यांच्या नावावर सांगितली जातात. पुढे ऑफसेट आणि संगणक आले, आणि ज्या शिशाच्या खिळ्यांसाठी एवढी धडपड झाली, ते खिळेच छापखान्यांतून भंगारात गेले.