शाळाच अंगणात आली!

भोरहून वरंध घाटाकडे राइडला निघालात की हिर्डोशी लागतं. अशा डोंगरी गावांत छोट्यांची पहिली शाळा म्हणजे अंगणवाडी. ही कल्पना ताराबाई मोडकांची.

जन्म १८९२चा. राजकोटचं प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या. मुलांना मारायचं नाही, बक्षिसाचं आमिषही दाखवायचं नाही, ही तिथली शिकवण. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला बालशिक्षणाचं केंद्र काढलं. पुढे काम कोसबादच्या आदिवासी पाड्यांवर नेलं.

पण पोरं बालवाडीत येईचनात! कुणी धाकटं भावंडं सांभाळतंय, कुणी बुजतंय. ताराबाईंनी पोरांना दोष दिला नाही. अनुताई वाघांच्या साथीने बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. महागडी साधनं नाहीत. शंख-शिंपले, बिया, खडे. कडेवर भावंडं असलं तरी चालेल! ओळखीच्या अंगणात बुजरी पोरं हळूहळू खेळू-बोलू लागली.

१९७३ मध्ये ताराबाई गेल्या. दोनच वर्षांनी सरकारी अंगणवाड्या सुरू झाल्या.

तुमच्या घरातलं एखादं पिल्लू बुजत असेल, तर त्याला चारचौघांत ओढू नका. आधी त्याच्या खेळात जाऊन बसा.