एडिसनची बॅटरी आणि पल्ल्याचा हिशेब

खापा (जि. नागपूर), प्रतिनिधी : कन्हान नदीकाठच्या खाप्याहून नागपूर सुमारे ३५ किलोमीटर. सकाळी कामासाठी शहर गाठायचे आणि सायंकाळी घरी परतायचे, म्हणजे ७० किलोमीटरची रपेट झाली. विजेवर चालणारी दुचाकी घेऊ पाहणाऱ्या इथल्या माणसाला जाहिरातीतला शंभर किलोमीटरचा आकडा म्हणूनच मोलाचा वाटतो. तो आकडा रस्त्यावर बऱ्यापैकी खरा उतरला तर गाडी घरी पोहोचते. सत्तरच्या खाली घसरला तर वाटेतच उभी राहते. एकदा चार्ज केल्यावर गाडी जितके अंतर कापते, तो तिचा पल्ला. कागदावरचा पल्ला आणि रस्त्यावरचा पल्ला यांतली तफावत ही आजच्या ग्राहकाची मोठी चिंता आहे.

नागपूरला या प्रश्नाची चुणूक मे २०१७ मध्ये मिळाली. विजेवरील टॅक्सींचा देशातील पहिला मोठा प्रयोग म्हणून सुमारे २०० वाहने शहरात उतरविण्यात आली. मात्र चार्जिंगसाठी रांगेत ताटकळावे लागते, ही चालकांची तक्रार वर्षभरातच पुढे आली. प्रश्न नवा वाटत असला तरी तो शंभर वर्षांहून जुना आहे. विजेच्या दिव्यामुळे घराघरांत नाव पोहोचलेल्या थॉमस अल्वा एडिसनला याच प्रश्नाने आयुष्याची दहा वर्षे झुंजविले. दिवा आणि फोनोग्राफ यांच्या झगमगाटात त्याच्या चरित्रातील हे प्रकरण काहीसे झाकोळले गेले. ते मुद्दाम वाचावे असे आहे.

आगगाडीतला पोरगा

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्यातील मिलान या गावी झाला. पुढे कुटुंब मिशिगनमधील पोर्ट ह्यूरन येथे स्थायिक झाले. शाळेचे शिक्षण जेमतेम काही महिन्यांचे. मुलगा वर्गात रमत नाही असे पाहून एके काळी शिक्षिका असलेल्या आईने, नॅन्सीने, त्याला घरीच शिकविले. बाराव्या वर्षी तो आगगाडीत वर्तमानपत्रे आणि खाऊ विकू लागला. त्याच गाडीच्या डब्यात त्याने छोटेसे छपाईयंत्र बसविले आणि १८६२ मध्ये स्वतःचे पत्रकही काढले. लहानपणीच त्याला कमी ऐकू येऊ लागले होते. तारयंत्राची कडकट मात्र त्याला नीट समजत असे. त्या बळावर तो तारबाबू झाला, आणि विजेशी त्याचे नाते जडले ते कायमचे.

१८६९ मध्ये त्याला पहिले पेटंट मिळाले ते मतमोजणीच्या विद्युतयंत्राचे. यंत्र उत्तम चालले, पण कोणी विकत घेतले नाही. ज्याला गिऱ्हाईक नाही अशा शोधामागे लागायचे नाही, हा धडा त्याने त्यातून घेतला. १८७६ मध्ये त्याने मेन्लो पार्क येथे प्रयोगशाळा उभारली. १८७७ मध्ये फोनोग्राफ, १८७९ मध्ये दीर्घकाळ जळणारा विजेचा दिवा आणि ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील वीजकेंद्र अशी यशाची चढती कमान पुढील काळात उभी राहिली. त्याच्या नावावरील अमेरिकी पेटंटांची संख्या अखेरीस १०९३ वर पोहोचली.

खाणीत बुडालेला पैसा

यशाबरोबर अपयशेही होती. त्यातील एक खाप्याच्या वाचकाला जवळचे वाटावे असे आहे. खाप्याच्या शेजारी गुमगावची मँगनीजची खाण आहे. दगडातून धातू काढण्याचे कष्ट या परिसराला नवे नाहीत. १८९० च्या दशकात एडिसनने न्यू जर्सीतील डोंगर फोडून, दगड दळून, चुंबकाच्या साह्याने लोहखनिज वेगळे करण्याचा प्रचंड उद्योग मांडला. तंत्र जमले, परंतु त्याच सुमारास मिनेसोटातील मेसाबी भागात उत्तम प्रतीचे खनिज विपुल आणि स्वस्त मिळू लागले. एडिसनचा उद्योग बसला आणि त्याची मोठी पुंजी त्यात गेली. अशा वेळी दुसरा कोणी विश्रांती घेता. बावन्न वर्षांच्या एडिसनने १८९९ मध्ये बॅटरीचे काम हाती घेतले.

मोटारगाडीचे भवितव्य तेव्हा ठरायचे होते. १९०० मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या ४१९२ गाड्यांपैकी १५७५ विजेवर चालणाऱ्या होत्या. पेट्रोलच्या गाड्या हजाराच्याही आत होत्या. विजेची गाडी आवाज करीत नसे, धूर सोडीत नसे, आणि ती सुरू करण्यासाठी हँडल फिरविण्याची गरज नसे. तिची अडचण एकच. तिच्या पोटातील शिशाची बॅटरी अतिशय जड होती. तिच्यातील आम्ल शिशाच्या पट्ट्या आणि आजूबाजूचे भाग खात असे. नव्या बॅटरीवर जे अंतर निघे ते काही महिन्यांनी निघत नसे.

एडिसनने आम्लाची वाटच सोडून दिली. पोलादी डबा, त्यात अल्कलीचे द्रावण, एका बाजूला निकेल व दुसऱ्या बाजूला लोखंड अशी रचना त्याने निवडली. स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनर हा संशोधकही याच दिशेने काम करीत होता आणि पेटंटावरून दोघांत तंटाही झाला. एडिसनच्या प्रयोगशाळेत निरनिराळ्या मिश्रणांचे हजारो प्रयोग झाले. १९०१ मध्ये बॅटरी बनविणारी स्वतंत्र कंपनी स्थापन झाली.

घोषणा आधी, पडताळा नंतर

येथे एडिसनच्या स्वभावाची दुसरी बाजू दिसते. तो जसा अथक प्रयोग करणारा होता, तसाच प्रसिद्धीचे तंत्र जाणणारा व्यापारीही होता. बॅटरी बाजारात येण्यापूर्वीच तिची वर्णने वर्तमानपत्रांतून झळकू लागली. १९०२ मध्ये त्याने स्वतः एका प्रतिष्ठित नियतकालिकात लेख लिहून विजेच्या मोटारीचे युग आल्याचे सुचविले. वजनाला हलकी, वर्षानुवर्षे टिकणारी आणि गाडीला लांबचा पल्ला देणारी अशी या बॅटरीची प्रतिमा लोकांच्या मनात तयार झाली. एडिसनचे नावच जाहिरातीला पुरेसे होते.

१९०३ च्या सुमारास विक्री सुरू झाली. मुख्य ग्राहक होते शहरात माल पोहोचविणाऱ्या गाड्यांचे मालक. पहिले काही महिने बरे गेले. नंतर तक्रारी येऊ लागल्या. डब्यांचे सांधे गळू लागले. त्याहून गंभीर म्हणजे काही बॅटऱ्यांची धारणशक्ती झपाट्याने उतरू लागली. निकेलच्या संयुगातून वीज नीट वाहावी म्हणून त्यात ग्राफाइट मिसळले होते. वारंवार चार्ज होताना हे मिश्रण फुगे, आतला संपर्क सुटे आणि बॅटरीचा काही भाग असून नसल्यासारखा होई. प्रयोगशाळेतील मेजावर जे दिसले नव्हते, ते खडबडीत रस्त्यावर धक्के खाल्ल्यानंतर दिसले.

या टप्प्यावर एडिसनने जे केले, ते त्याच्या चरित्रातील एक मोठे पान आहे. सगळ्याच बॅटऱ्या बिघडल्या नव्हत्या. काही ग्राहक समाधानी होते आणि आणखी बॅटऱ्या मागत होते. तरीही त्याने उत्पादन थांबविले, सदोष बॅटऱ्या परत घेतल्या आणि नव्या मागण्या नाकारल्या. आपण सांगितले तेवढे काम ही वस्तू करीत नाही, एवढे कारण त्याला पुरेसे होते. लोहखनिजात आधीच हात पोळलेल्या माणसाने हा तोटा पत्करला, हे विशेष.

पाच वर्षांचा वनवास

पुढची सुमारे पाच वर्षे फेरप्रयोगांत गेली. ग्राफाइटऐवजी निकेलचे अतिशय पातळ पापुद्रे वापरण्याची कल्पना निघाली. चपट्या कप्प्यांऐवजी बारीक नळ्या आल्या आणि त्यांत निकेलचे संयुग व पापुद्रे थरावर थर देऊन ठासले जाऊ लागले. द्रावणात लिथियमचे संयुग मिसळल्यावर बॅटरीची शक्ती आणि आयुष्य वाढल्याचे आढळले. आजच्या मोटारीतील लिथियम बॅटरीचे तत्त्व पूर्णपणे वेगळे असले, तरी त्या धातूचे नाव विजेच्या गाडीच्या इतिहासात इतक्या लवकर यावे, हा योगायोग लक्षणीय आहे.

या वेळी परीक्षाही बदलली. बॅटऱ्या गाड्यांत घालून खाचखळग्यांतून पिटाळल्या गेल्या, त्यांना मुद्दाम धक्के दिले गेले आणि प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यांवरून त्या खाली टाकूनही पाहण्यात आल्या. १९०९ मध्ये सुधारित बॅटरी बाजारात आली तेव्हा एडिसन बासष्ट वर्षांचा होता. या उद्योगात त्याचे दहा लाख डॉलरहून अधिक खर्ची पडले होते.

नव्या बॅटरीने शब्द पाळला. डेट्रॉइट इलेक्ट्रिक या त्या काळच्या गाजलेल्या गाडीची जाहिरात एका चार्जिंगमध्ये ८० मैल, म्हणजे सुमारे १३० किलोमीटर जाणारी अशी होती. एका चाचणीत याच गाडीने २११ मैलांचा, म्हणजे सुमारे ३४० किलोमीटरचा टप्पा गाठला. चाचणीत मिळालेला मोठा आकडा न मिरविता ग्राहकाला भरवशाने मिळेल तो आकडा सांगण्याची ही रीत आज दुर्मीळ वाटते. अर्थात या गाडीचा वेग ताशी २० मैलांच्या आसपास होता, हेही ध्यानात घ्यावे लागेल. वेग वाढला की हवेचा विरोध त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि पल्ला आटतो. कमी वेग हे त्या मोठ्या आकड्यामागचे एक गुपित होते.

बॅटरी जिंकली, गाडी हरली

तोवर काळ पुढे सरकला होता. १९०८ मध्ये हेन्री फोर्डची मॉडेल टी रस्त्यावर आली. फोर्ड हा एके काळी एडिसनच्याच डेट्रॉइटमधील कंपनीत अभियंता होता. १८९६ मध्ये झालेल्या भेटीत एडिसनने त्याच्या पेट्रोल इंजिनाच्या कल्पनेला मनापासून उत्तेजन दिले होते. डेट्रॉइट इलेक्ट्रिकला एडिसनची बॅटरी बसवून घ्यायची तर ६०० डॉलर जादा मोजावे लागत. १९१४ मध्ये फोर्डची अख्खी गाडी त्याहून कमी किमतीत मिळू लागली. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत विजेचा स्टार्टर आला आणि हँडल फिरविण्याचा त्रासही संपला. हा स्टार्टर चालत असे शिशाच्या बॅटरीवर. एडिसनची बॅटरी एकदम मोठा प्रवाह देण्यात कमी पडे आणि कडाक्याच्या थंडीत मंदावे, त्यामुळे ही नवी बाजारपेठही तिला लाभली नाही.

दोघा मित्रांनी मिळून स्वस्त विजेची गाडी काढण्याचा घाट १९१४ च्या सुमारास घातला. नमुन्याच्या गाड्या तयार झाल्या. पन्नास ते शंभर मैलांच्या पल्ल्याची चर्चा पुन्हा वृत्तपत्रांत रंगली. प्रत्यक्षात ती गाडी बाजारात कधीच आली नाही. हेन्री फोर्डची पत्नी क्लारा मात्र १९१४ सालची डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवीत असे.

एडिसनची बॅटरी वाया गेली नाही. रेल्वेचे सिग्नल, माल वाहणाऱ्या गाड्या आणि खाणकामगारांच्या टोपीवरील दिवे यांसाठी ती अनेक वर्षे वापरात राहिली आणि तिने एडिसनला भरपूर नफाही मिळवून दिला. तिचे अमेरिकेतील उत्पादन १९७५ पर्यंत चालू होते. स्वतः एडिसनचे निधन १८ ऑक्टोबर १९३१ रोजी वेस्ट ऑरेंज येथे झाले. अंत्यविधीच्या रात्री अमेरिकेत ठिकठिकाणी काही क्षण दिवे मंद करून त्याला मानवंदना देण्यात आली.

आजचा आकडा

आज आपल्याकडे पल्ल्याचा आकडा प्रमाणित होतो. १९६६ मध्ये स्थापन झालेली पुण्याची एआरएआय ही संस्था अशा चाचण्यांसाठी ओळखली जाते. मात्र ही चाचणी रोलरवर, ठरावीक तापमानात, ठरावीक वेगांच्या क्रमाने आणि वातानुकूलन बंद ठेवून घेतली जाते. सर्व गाड्यांना एकच फूटपट्टी लावण्यासाठी ते आवश्यकही आहे. पण नागपूरच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांवर चढतो, काचा बंद करून गाडी महामार्गावर धावते, मागे दोन माणसे आणि सामान असते. तेथे ती फूटपट्टी आखूड पडते. २०२० मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीचा प्रमाणित पल्ला ३१२ किलोमीटर होता. अनेक चालकांना प्रत्यक्षात तो बराच कमी मिळाला. अमेरिकेत चाचणीतील आकडा साधारण तीस टक्क्यांनी कमी करून ग्राहकाला सांगण्याची पद्धत आहे. आपल्याकडेही २०२४ पासून काही उत्पादक प्रमाणित आकड्यासोबत प्रत्यक्ष वापरातील अंदाजी पल्ला जाहीर करू लागले आहेत.

हा बदल स्वागतार्ह आहे. एडिसनकडे कोणतीही प्रमाणन संस्था नव्हती, ग्राहक मंच नव्हता, की त्याच्यावर कायद्याचा बडगाही नव्हता. घोषणेची घाई त्यानेही केली होती. परंतु आकडा खोटा ठरताच त्याने दोष रस्त्यावर, हवेवर वा गाडी चालविणाऱ्यावर ढकलला नाही. बॅटरी परत घेतली आणि पुन्हा कामाला लागला. खाप्याच्या ग्राहकाने तूर्त ३५ किलोमीटरचे जाणे, ३५ चे येणे आणि वर थोडी शिल्लक असा हिशेब मांडूनच गाडी निवडावी. बॅटरी जुनी होत जाईल तसा पल्ला आणखी उतरणार, हेही त्यात धरावे. बाकीचा हिशेब चोख ठेवण्याची जबाबदारी आकडा छापणाऱ्यांची आहे.