चुंबकाला न जुमानणारे घर

अलिबाग म्हटले की आपणांस समुद्र आणि किल्ला आठवतो. तेथे एक चुंबकीय वेधशाळा आहे आणि तिच्या वेधगृहाच्या बांधकामात लोखंड कटाक्षाने टाळलेले आहे, हे मला अगदी अलीकडे कळले. मी कला शाखेचा विद्यार्थी. तरीही ती उभारणाऱ्या डॉ. नानाभाई मूस यांच्याविषयी लिहावेसे वाटले.

मूस यांचा जन्म १८५९ चा, मुंबईच्या पारशी कुटुंबातला. एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकून ते एडिंबरोस गेले, परतल्यावर त्यांनी अध्यापन केले आणि १८९६ साली ते मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे संचालक झाले. त्या पदावरचे ते पहिले भारतीय. पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद तेथे अर्धशतकाहून अधिक काळ चालू होती.

आणि मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येण्याचे ठरले! विजेच्या प्रवाहाभोवती चुंबकत्व निर्माण होते. मग सुई पृथ्वीमुळे हलली की ट्राममुळे, हे कसे ओळखावयाचे? ट्राम थांबणार नव्हती. मूस यांनी वेधशाळाच अलिबागला हलवली.

पण घर कशाचे बांधावे? चुंबकाला प्रत्येक पदार्थ थोडाफार प्रतिसाद देतोच. लोखंड जोराने ओढले जाते. ॲल्युमिनियमसारखे अनुचुंबकीय पदार्थ किंचित ओढले जातात, तर तांब्यासारखे प्रतिचुंबकीय पदार्थ किंचित मागे सरतात. चुंबक दूर नेला की त्यांच्यात त्याचा मागमूस उरत नाही. आपल्याकडील काळ्या पाषाणाचे तसे नाही. त्यात मॅग्नेटाइट हे लोहखनिज असते आणि ते चुंबकत्व धरून ठेवते. सोलापुरातल्या आमच्या घराचा पाया याच दगडाचा. हे सांगितले तेव्हा वडील हसले, पण संध्याकाळी पुन्हा विचारू लागले.

म्हणून अलिबागला पोरबंदरचा दगड आणला, तोही पारखून, खिळे-बिजागऱ्या तांब्या-पितळेच्या. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतले, म्हणजे जुन्या आणि नव्या नोंदींचा सांधा जुळावा. मला स्वतःला ही दोन वर्षे त्या इमारतीपेक्षाही मोठी वाटतात. मुंबईत विजेची ट्राम धावली ती १९०७ साली.

१८४६ ते १९०५ पर्यंतच्या नोंदींचे दोन खंड मूस यांनी १९१० साली प्रसिद्ध केले. १९१९ मध्ये ते निवृत्त झाले, १९३६ मध्ये वारले. अलिबागचे वेध आजही चालू आहेत. मूस जन्मले त्याच वर्षी, सप्टेंबर १८५९ मध्ये, मोठे चुंबकीय वादळ झाले होते; ते किती तीव्र होते हे २००३ साली शास्त्रज्ञांनी ठरवले, ते कुलाब्याच्याच नोंदींवरून.