विश्लेषण : पदवी नसलेल्या केरोपंत छत्रेंनी पदवीच्या विद्यार्थ्यांना गतिशास्त्र कसे शिकवले?

मुलुंडहून सुटलेल्या लोकलला भांडुपच्या आधी अचानक ब्रेक लागतो आणि दारातली गर्दी पुढे झुकते. डबा थांबतो, माणसे मात्र आधीच्याच वेगाने पुढे जाऊ पाहतात. न्यूटनचा हा पहिला नियम रोज अनुभवणारे अनेक विद्यार्थी इंजिनीअरिंगच्या पहिल्याच वर्षी मेकॅनिक्सच्या पेपरात केटी घेऊन बसतात. हाच विषय दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी पुण्यात एक मराठी माणूस शिकवत होता. त्याचे नाव केरो लक्ष्मण ऊर्फ केरोपंत छत्रे.

केरोपंत मूळचे अलिबागजवळच्या नागावचे. मराठीतील सुरुवातीच्या लेखकांपैकी एक, सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे हे त्यांचे चुलते. त्यांच्याकडेच केरोपंत मुंबईत वाढले. एल्फिन्स्टनमध्ये बाळशास्त्री जांभेकर आणि प्रा. ऑर्लेबार यांच्या हाताखाली ते शिकले आणि विशीच्या आतच कुलाबा वेधशाळेत नोकरीला लागले. चुंबकसूचीची आणि हवामानाची ठरलेल्या वेळी नोंद घ्यायची, आकडे मांडायचे, पुन्हा तपासायचे, असे ते काम. कंटाळवाणे वाटेल, पण त्यांची खरी प्रयोगशाळा तीच होती. पदवीचा प्रश्नच नव्हता, कारण मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ मध्ये. तोवर केरोपंत पुण्यात शिक्षक झाले होते.

इंजिनीअरिंगशी संबंध कसा आला?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हे ३४ किलोमीटरचे अंतर रेल्वेने कापले. आजच्या मुलुंडमधूनच हा मार्ग जातो. रूळ, पूल, कालवे यांसाठी प्रशिक्षित माणसे हवी होती. १८५४ मध्ये पुण्यात इंजिनीअरिंगचा वर्ग सुरू झाला. आजचे सीओईपी ते हेच. केरोपंतांनी तिथेही काही काळ गणित आणि सृष्टिशास्त्र शिकवले. भौतिकशास्त्राला तेव्हा सृष्टिशास्त्र म्हणत.

पूल उभा राहतो, कारण त्याच्यावरची सगळी बले एकमेकांना तोलून धरतात. धावत्या इंजिनाला थांबायला किती अंतर लागेल, हे त्याचे वस्तुमान, वेग आणि ब्रेकचे बल ठरवते. सूत्र सोपे आहे, अडचण भाषेची असते. बोलताना आपण जोर, बळ, शक्ती, ताकद हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. यंत्रशास्त्रात बल वेगळे, शक्ती वेगळी, ऊर्जा त्याहून वेगळी. वजन आणि वस्तुमान यांचेही तसेच. काट्यावर मोजतो त्याला दुकानदार वजन म्हणतो आणि किलोत सांगतो, परीक्षेत मात्र वजन न्यूटनमध्ये लिहावे लागते. इंग्रजीतून आलेले हे शास्त्र मराठी मुलांपर्यंत पोहोचवायचे तर शब्दांपासून सुरुवात करणे भाग होते. केरोपंतांनी अंकगणित आणि पदार्थविज्ञानशास्त्रावर मराठीत पाठ्यपुस्तके लिहिली, ती याच काळात.

पुढे ते डेक्कन कॉलेजात प्राध्यापक झाले. स्वतःकडे पदवी नसताना त्यांनी बी.ए.च्या मुलांना गणित शिकवले. त्या मुलांत बाळ गंगाधर टिळकही होते.

पंचांगाचा वाद काय होता?

गतीचे नियम केरोपंतांनी वर्गापुरते ठेवले नाहीत, आणि इथेच ते अडचणीत आले. जुन्या ग्रंथांवरून काढलेली ग्रहस्थिती आणि आकाशात दिसणारी स्थिती जुळत नव्हती. १८६० मध्ये त्यांनी युरोपीय गणिताच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली आणि १८६५ पासून आबासाहेब पटवर्धनांच्या पाठबळावर नवे पंचांग काढले. पंचांग बदलले की सणवारांच्या तारखा हलतात. साहजिकच बहुतेकांनी जुनेच पंचांग धरून ठेवले.

१९ मार्च १८८४ रोजी केरोपंतांचे निधन झाले. पंचांगाचा तिढा तसाच राहिला. तो पुढे हाती घेणाऱ्यांत त्यांचे विद्यार्थी टिळक होते.

इंजिनीअरिंग मराठीतून शिकवण्याला एआयसीटीईची परवानगी मिळाली ती २०२१ मध्ये.