मुका सोबती

ग्रेट ब्रिटनच्या उत्तर भागात स्कॉटलंड हा डोंगराळ प्रदेश आहे. त्याची राजधानी एडिंबरो. या नगरात १५ ऑगस्ट १७७१ रोजी वॉल्टर स्कॉटचा जन्म झाला. पुढे कवी आणि कादंबरीकार म्हणून त्याची कीर्ती साऱ्या युरोपात पसरली. इतिहासातील प्रसंग घेऊन त्यांवर कादंबरी रचण्याचा प्रघात प्रामुख्याने त्यानेच पाडला, व पुढे अनेक भाषांतील लेखकांनी त्याचा कित्ता गिरवला. परंतु स्कॉटच्या घरी येणाऱ्याजाणाऱ्यांना त्याच्या ग्रंथांइतकीच आणखी एक गोष्ट लक्षात राहत असे. ती म्हणजे मुक्या प्राण्यांवरील, विशेषतः कुत्र्यांवरील, त्याचे प्रेम.

या प्रेमाचे बीज त्याच्या बालपणातच रुजले होते. वॉल्टर दीड वर्षाचा असताना एकाएकी तापाने आजारी पडला. ताप उतरला, पण त्याचा उजवा पाय लुळा झाला. औषधोपचार पुष्कळ झाले, तरी गुण येईना. तेव्हा मोकळ्या हवेत राहिल्याने मुलाची प्रकृती सुधारेल, असा विचार करून आईबापांनी त्याला खेड्यात आजोबांच्या शेतावर पाठवले. तेथे मेंढ्यांचे मोठे कळप होते. दिवस चांगला असला म्हणजे एक म्हातारा गुराखी या लहानग्याला उचलून टेकडीवर नेई आणि गवतावर निजवी. भोवती मेंढ्या चरत असत. मूल त्यांच्यात लोळे, त्यांच्याकडे टक लावून पाही आणि रांगत रांगत त्यांच्यामागे जाई. हळूहळू त्याच्या अंगात बळ आले. तो उभा राहू लागला, चालू लागला, पुढे तर दूरदूर भटकू लागला. पायातील अधूपणा मात्र जन्मभर राहिला. ज्या वयात इतर मुले सवंगड्यांबरोबर धावत खेळतात, त्या वयात मेंढ्या आणि टेकड्या याच वॉल्टरच्या सोबतीला होत्या. संध्याकाळी आत्या त्याला जुने पोवाडे वाचून दाखवी, आणि ते ऐकता ऐकता त्याला तोंडपाठ होत.

मोठेपणी स्कॉटने वडिलांप्रमाणे कायद्याचा अभ्यास केला. १७९२ मध्ये तो वकील झाला, १७९७ मध्ये त्याचे लग्न झाले, आणि १७९९ मध्ये सेल्कर्क परगण्याच्या शेरीफचे, म्हणजे तेथील न्यायाधिकाऱ्याचे, पद त्याला मिळाले. कामकाज सांभाळून तो खेडोपाडी हिंडे आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडून जुनी लोकगीते उतरवून घेई. ही गीते त्याने १८०२ पासून प्रसिद्ध केली. पुढे त्याची स्वतःची काव्येही लोकांना आवडू लागली.

याच काळात कॅम्प नावाचा एक कुत्रा त्याच्या घरी वाढला. तो बुलटेरिअर जातीचा, चांगला थोराड आणि धट्टाकट्टा होता. दिसायला उग्र असला तरी स्वभावाने तो फार मायाळू होता. घरातील लहान मुले त्याच्या अंगावर लोळत, त्याचे कान ओढत. पण त्याने कधी त्यांच्यावर दात विचकला नाही.

१८०४ साली स्कॉट ट्वीड नदीच्या काठी अ‍ॅशिस्टील या गावी राहावयास गेला. तेथे त्याच्याजवळ डग्लस आणि पर्सी नावाचे दोन शिकारी कुत्रेही होते. हवा कशीही असो, तो लिहावयास बसला म्हणजे खोलीची खिडकी उघडी ठेवी, कारण त्या दोघांना वाटेल तेव्हा उडी मारून आत येता व बाहेर जाता यावे. त्यांचे येणेजाणे चालूच असे. कॅम्प मात्र धन्यापाशीच राही. कॅम्पशी स्कॉट एखाद्या समंजस माणसाशी बोलावे तसा बोले. आपले बोलणे त्याला पुष्कळसे कळते, अशी त्याची खात्री होती.

या खात्रीला कारणही तसेच घडले होते. एकदा पाव घेऊन आलेल्या भटारवाल्याला कॅम्प चावला. स्कॉटने त्याला छड्या मारल्या आणि त्याचा अपराध काय झाला, हे त्याला नीट समजावून सांगितले. तेव्हापासून घरात कोणी त्या भटारवाल्याची गोष्ट काढली, मग ती कितीही हळू आवाजात का असेना, की कॅम्प मुकाट्याने उठे आणि खोलीतील अगदी अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन खाली मान घालून बसे. मग कोणी म्हणे, त्या भटारवाल्याला भरपाई मिळाली. किंवा कोणी म्हणे, त्याला फारशी इजा झालीच नव्हती. तेवढे शब्द कानी पडताच कॅम्प कोपऱ्यातून बाहेर येई, उड्या मारी आणि आनंदाने भुंकू लागे. केलेल्या चुकीची आठवण त्याने मरेपर्यंत ठेवली होती.

वर्षे लोटली. कॅम्प म्हातारा झाला. त्याच्या पाठीच्या कण्याला इजा झाली आणि धन्याच्या घोड्याबरोबर धावणे त्याला अशक्य झाले. स्कॉट बाहेर पडे, तेव्हा तो चुलाण्याजवळच्या आपल्या चटईवर पडून राही. जेवणाची वेळ होत आली म्हणजे मेजावर चादर अंथरणारा नोकर त्याला हाक मारी आणि धनी आज नदीच्या उताराने येत आहेत, किंवा टेकडीच्या वाटेने येत आहेत, असे सांगे. तो दुखणेकरी प्राणी लगेच धडपडत उठे. नदीच्या उताराचे नाव ऐकले तर तो मागल्या दाराने निघे, टेकडीचे नाव ऐकले तर पुढल्या दाराने. जेवढे चालवेल तेवढे तो त्या वाटेने चालत जाई आणि धन्याला सामोरा होई. धावण्याची शक्ती गेली होती. पण धन्याला भेटल्यावाचून त्याला चैन पडत नसे.

१८०६ पासून स्कॉट एडिंबरोच्या वरिष्ठ न्यायालयातही एका पदावर काम करीत होता. त्यामुळे न्यायालय चालू असे तेवढे दिवस सारे कुटुंब नगरातील कॅसल स्ट्रीटवरील घरी राही. तेथेच जानेवारी १८०९ मध्ये कॅम्पने प्राण सोडला. त्या दिवशी एका स्नेह्याने स्कॉटला जेवावयास बोलावले होते. स्कॉटचे नाव तेव्हा देशभर गाजत होते. कामाचे किंवा प्रकृतीचे निमित्त सांगून त्याला ते आमंत्रण सहज टाळता आले असते. एका कुत्र्यासाठी आपण दुःखी आहोत असे सांगितल्यास लोक हसतील, अशी भीतीही एखाद्याला वाटली असती. स्कॉटने तसे काही केले नाही. आपला एक जुना, जिवलग मित्र वारला आहे, म्हणून येता येत नाही, असा निरोप त्याने पाठवला. तो मित्र म्हणजे कॅम्प, हे पुढे त्या गृहस्थाला कळले. स्कॉटला जवळून ओळखत असल्यामुळे त्याला त्याचे नवल वाटले नाही.

त्या रात्री स्वच्छ चांदणे पडले होते. घरामागच्या लहानशा बागेत खड्डा खणला गेला. स्कॉट ज्या खिडकीशी लिहावयास बसे, तिच्या अगदी समोर ही जागा होती. घरातील लहानथोर सारे तेथे जमले. थोरली मुलगी सोफिया त्या वेळी नऊ वर्षांची होती. धाकटा चार्ल्स तर अवघा तीन वर्षांचा होता. कॅम्पला खड्ड्यात ठेवून वर माती लोटली, तेव्हा सर्वांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. शेवटी स्कॉटने स्वतः वाकून त्या मातीवरील हिरवळ हाताने सारखी केली. आपल्या वडिलांचा चेहरा इतका उदास झालेला आपण त्यापूर्वी कधीच पाहिला नव्हता, असे सोफिया मोठेपणी सांगत असे.

त्याच सुमारास, कॅम्पच्या मृत्यूच्या आदल्याच वर्षी, रेबर्न या प्रसिद्ध चित्रकाराने स्कॉटचे एक मोठे चित्र काढले होते. एका पडक्या भिंतीपाशी स्कॉट बसला आहे आणि त्याच्या पायाशी कॅम्प आहे, असे ते चित्र आहे. कॅम्प गेला, पण त्या चित्रात त्याने आपली जागा सोडलेली नाही.

दुःख झाले म्हणून पुन्हा कुत्रा पाळावयाचा नाही, असे स्कॉटने ठरवले नाही. १८१२ साली तो ट्वीडच्याच काठी ॲबट्सफर्ड या आपल्या नव्या घरी गेला. तेथे त्याच्या भोवती कुत्र्यांचा मोठा मेळा जमला. त्यांतील मेडा हा सर्वांत भव्य. डोंगरी मुलखातील एका सरदाराने तो स्कॉटला भेट दिला होता. स्कॉटचे चित्र काढावयास येणारे कलावंत मेडाचेही चित्र काढीत. त्याला याचा इतका कंटाळा आला होता की, रंग आणि कुंचले दिसताच तो उठून खोलीबाहेर चालता होई. असा हा बलाढ्य कुत्रा. पण घरातील हिन्झ नावाचा बोका मात्र त्याच्यावर बेधडक पंजा उगारी, आणि मेडा ते निमूटपणे सोसून घेई.

कुत्र्यांना आयुष्य इतके थोडे का, असा प्रश्न स्कॉटला पडे. त्याचे उत्तरही त्याने मनाशी योजले होते आणि एका पत्रात ते लिहिले होते. दहाबारा वर्षांच्या सहवासानंतर कुत्रा गेला तर माणसाला एवढे दुःख होते. मग तो याच्या दुप्पट जगून गेला असता, तर ते दुःख माणसाला कसे सोसवले असते? म्हणून माणसाची दया येऊनच ईश्वराने कुत्र्याचे आयुष्य थोडे ठेवले असावे, असे त्याला वाटे.

मेडा जिवंत असतानाच त्याची दगडी मूर्ती घडवून ॲबट्सफर्डच्या दाराशी बसवली होती. घोड्यावर चढताना तिचा पायरीसारखा उपयोग होई. ऑक्टोबर १८२४ मध्ये एका रात्री मेडाने पोटभर खाल्ले, आणि तो आपल्या गवताच्या बिछान्यात शांतपणे मरण पावला. स्कॉटने त्याला त्याच्याच मूर्तीखाली पुरले. आपल्या धन्याच्या दाराशी सुखाने झोप, अशा अर्थाचा लॅटिन लेख त्या दगडावर कोरलेला आहे.

यानंतर थोड्याच काळात स्कॉटवर मोठे संकट कोसळले. ज्या छापखान्यात त्याची भागीदारी होती तो आणि त्याचा प्रकाशक, दोघांचेही जानेवारी १८२६ मध्ये दिवाळे निघाले. सुमारे १ लाख २० हजार पौंडांचे कर्ज त्याच्या डोक्यावर आले. ॲबट्सफर्ड सोडावे लागेल, असे काही दिवस वाटत होते. त्या काळात तो आपली रोजनिशी लिहीत असे. घर जाईल, मान जाईल, हे विचार तर त्याच्या मनात होतेच. पण आपली कुत्री आपली वाट पाहत राहतील आणि आपण परत येणार नाही, या विचाराने त्याचे मन अधिक कालवले. त्यांचे पंजे आपल्या गुडघ्यांवर आहेत, असे त्याला वाटत राही.

मित्रांनी मदत देऊ केली; ती त्याने घेतली नाही. आपल्या लेखणीच्या बळावर पैन्‌पै फेडण्याचा त्याने निश्चय केला. कॅसल स्ट्रीटवरील घर मात्र विकावे लागले. ज्या खिडकीतून कॅम्पची जागा दिसे, ती खिडकीही त्याबरोबर गेली. त्याच वर्षी मे महिन्यात त्याची पत्नी वारली. तरीही स्कॉटने लिहिणे थांबवले नाही. तो रात्रंदिवस लिहीत राहिला. कर्जाचा मोठा भाग फिटला. पण अतिश्रमाने त्याचे शरीर खचले आणि त्याला अर्धांगाचे झटके आले.

हवापालट करावा म्हणून १८३१ च्या शरद ऋतूत त्याला इटलीकडे पाठवण्यात आले. परंतु तेथे त्याचा जीव रमेना. जुलै १८३२ मध्ये तो परत ॲबट्सफर्डला आला, तेव्हा त्याला माणसांचीही धड ओळख पटत नव्हती. त्याला खुर्चीवर बसवताच घरातील कुत्री धावत आली. ती खुर्चीभोवती घोटाळू लागली, त्याचे हात चाटू लागली. स्कॉट त्यांच्याकडे पाहून कधी हुंदके देई, तर कधी हसे. असे करता करता त्याला झोप लागली. आपण परत येणार नाही आणि ही मुकी जनावरे वाट पाहत राहतील, ही त्याची भीती खरी ठरली नाही. तो परत आला होता, आणि ती त्याला विसरली नव्हती.

२१ सप्टेंबर १८३२ रोजी त्याच घरी स्कॉटने देह ठेवला. उरलेले कर्ज त्याच्या ग्रंथांच्या उत्पन्नातून पुढे फिटले. एडिंबरोच्या लोकांनी त्याचे एक उंच स्मारक उभारले. त्याचे उद्घाटन १८४६ मध्ये झाले. त्याच्या मध्यभागी स्कॉटची संगमरवरी मूर्ती आहे. त्याला बसवताना मूर्तिकाराने त्याच्या भोवती राजे किंवा सरदार उभे केले नाहीत. त्याच्या बाजूला मान वर करून धन्याकडे पाहणारा मेडा तेवढा बसला आहे.