न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे : नागरी स्वातंत्र्याचे व्रत

ग्रंथालयाच्या शताब्दी-स्मरणिकेत कवींची, कादंबरीकारांची, पंडितांची चरित्रे यावीत हे स्वाभाविक आहे. न्यायमूर्ती विठ्ठल महादेव तारकुंडे हे त्या अर्थाने साहित्यिक नव्हते. तरीही त्यांचे चरित्र या पानांवर सांगावेसे वाटते, त्याला कारण आहे. भारतीय नागरिकाच्या स्वातंत्र्याची सर्वांत कठोर परीक्षा ज्या खटल्यात झाली, तो खटला आपल्या जबलपूरचा होता. आणि त्यात स्थानबद्धांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या विधिज्ञांत सासवडचा हा मराठी माणूस होता. बालाघाटचा जिल्हा १९५६ पर्यंत नागपूरच्या उच्च न्यायालयाकडे पाहत असे. राज्यपुनर्रचनेनंतर त्याची दाद जबलपूरला लागू लागली. त्यामुळे जबलपूरहून निघालेला तो प्रश्न आपल्या दाराशीच उभा राहिलेला प्रश्न होता.

तारकुंड्यांचा जन्म ३ जुलै १९०९ रोजी पुणे जिल्ह्यातील सासवड येथे झाला. वडील महादेवराव गावात वकिली करीत आणि अस्पृश्यतेविरुद्ध उभे राहत. त्या काळी ब्राह्मण कुटुंबाला अशा वर्तनाची सामाजिक किंमत मोजावी लागे. अप्रिय झाले तरी न्याय्य वाटेल तेच करावे, हा संस्कार मुलाने घरातूनच उचलला. पुण्यात शिकत असताना १९२५ च्या मॅट्रिक परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले. अशा विद्यार्थ्याने कोणती वाट धरावी याविषयी लोकांच्या ठरलेल्या अपेक्षा असतात. तारकुंड्यांनी मात्र शेतकी महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि शेतीशास्त्राची पदवी मिळविली. पुढे ते विलायतेस गेले, लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाले आणि १९३२ च्या अखेरीस परतून पुण्यात वकिली करू लागले.

वकिलीच्या जोडीने खेड्यांतील काम, काँग्रेस आणि काँग्रेस समाजवादी पक्ष असा त्यांचा प्रवास सुरू होता. त्याला निराळे वळण लावले ते मानवेंद्रनाथ रॉय यांनी. १९३६ च्या नोव्हेंबरात रॉय तुरुंगातून सुटले आणि त्यांच्या विचारांनी महाराष्ट्रातील अनेक बुद्धिमंत भारले गेले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्यांत होते, तसेच तारकुंडेही होते. १९४२ साली चालती वकिली सोडून ते रॉय यांच्या रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षाचे पूर्णवेळ कार्यकर्ते झाले आणि १९४४ मध्ये पक्षाचे सरचिटणीस. हा काळ त्यांच्या चरित्रकाराला सोपा जात नाही. सारा देश चले जाव आंदोलनात उतरला असताना रॉयवादी मंडळी फॅसिझमच्या पराभवासाठी युद्धप्रयत्नांना पाठिंबा देत होती. त्यांच्यावर देशद्रोहाचा शिक्का बसला. त्या भूमिकेविषयी आजही मतभेद होऊ शकतात. परंतु बहुसंख्यांच्या रोषापुढे एकटे उभे राहण्याची सवय तारकुंड्यांना त्याच वर्षांनी लावली, आणि ती पुढे देशाच्या उपयोगी पडली.

१९४८ साली रॉय यांनी पक्षच विसर्जित केला. सत्तेसाठी धडपडणाऱ्या पक्षापेक्षा माणसाच्या विवेकाला आवाहन करणारी चळवळ अधिक मोलाची, हा त्यांचा निष्कर्ष होता. तारकुंडे पुन्हा वकिलीकडे वळले, या वेळी मुंबईच्या उच्च न्यायालयात. १९५७ मध्ये ते तेथेच न्यायमूर्ती झाले. बारा वर्षे त्यांनी न्यायदान केले आणि १९६९ साली स्वेच्छेने राजीनामा देऊन ते दिल्लीस गेले. सर्वोच्च न्यायालयातील वकिली आणि १९७० पासून रॉय यांच्या ‘रॅडिकल ह्यूमॅनिस्ट’ या नियतकालिकाचे संपादन अशी दुहेरी जबाबदारी त्यांनी साठीच्या उंबरठ्यावर स्वीकारली. ज्या वयात माणसे निवृत्तीचे हिशेब मांडतात, त्या वयात त्यांच्या खऱ्या कार्याला आरंभ झाला.

नागरी स्वातंत्र्यासाठी संघटना उभारण्याची कल्पना आपल्याकडे नवी नव्हती. १९३६ मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या पुढाकाराने मुंबईत इंडियन सिव्हिल लिबर्टीज युनियन स्थापन झाली होती आणि रवींद्रनाथ ठाकूर तिचे मानद अध्यक्ष होते. पण स्वातंत्र्य मिळाल्यावर, आता राज्य आपलेच आहे, मग स्वातंत्र्य कोणापासून राखायचे, अशी समजूत पसरली आणि ती संघटना मावळली. १९५० मध्येच प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा झाला, १९७१ मध्ये ‘मिसा’ आला. राज्य आपले असले तरी राज्यकर्त्याच्या हातातील दंडा आपोआप सौम्य होत नाही, हे कळायला देशाला वेळ लागला.

१९७४ मध्ये जयप्रकाश नारायण यांनी सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी ही संस्था स्थापन केली, तेव्हा तारकुंडे तिचे सरचिटणीस झाले. जयप्रकाशांनी निवडणूक-सुधारणेसाठी नेमलेली समितीही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मतदानाचे वय अठरा असावे आणि निवडणूक आयोग बहुसदस्य असावा, या तिच्या सूचना पुढे प्रत्यक्षात आल्या. महाविद्यालयातून थेट मतदानकेंद्रावर जाणाऱ्या आपल्या तरुणांना या ऋणाची कल्पना क्वचितच असते.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली. हजारो माणसे ‘मिसा’खाली गजाआड गेली. वृत्तपत्रांवर नियंत्रण आले आणि वाचनालयाच्या टेबलावर पडणारे दैनिकही सरकारने तपासलेले असू लागले. कोणालाही बेकायदा डांबले असल्यास त्याला न्यायालयापुढे आणवून कैदेचे कारण विचारता येते. या अर्जाला हेबियस कॉर्पस म्हणतात, आणि सामान्य माणसाच्या हातातील ते सर्वांत जुने शस्त्र आहे. आणीबाणीत हा अर्ज चालेल काय, हा प्रश्न उच्च न्यायालयांपुढे आला. देशातील नऊ उच्च न्यायालयांनी असे अर्ज विचारात घेता येतात असा निर्णय दिला. त्यांत जबलपूरचे आपले उच्च न्यायालयही होते, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगावी अशी आहे.

सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. अतिरिक्त जिल्हादंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल या नावाने तो खटला विधीच्या ग्रंथांत अमर झाला. स्थानबद्धांच्या बाजूने शांतिभूषण, सोली सोराबजी यांच्याबरोबर तारकुंडे उभे होते. जगण्याचा हक्क केवळ राज्यघटनेने बहाल केलेला नाही. घटनेपूर्वीही कायद्याचे राज्य होते आणि कायद्याच्या आधारावाचून कोणालाही कैदेत ठेवता येत नव्हते, अशी त्या बाजूची मांडणी होती. पोलिसाने एखाद्याचा जीव घेतला तरी आणीबाणीत दाद मागता येणार नाही काय, या न्यायमूर्ती खन्नांच्या प्रश्नाला सरकारपक्षाने दाद मागता येणार नाही असे उत्तर दिले. २८ एप्रिल १९७६ रोजी निकाल लागला. चार विरुद्ध एक अशा मतांनी स्थानबद्ध हरले. बहुमतात मूळचे पुण्याचे न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते, न्यायमूर्ती भगवतीही होते. विरोधी मत नोंदविणारे हंसराज खन्ना एकटे होते; पुढच्या जानेवारीत त्यांची ज्येष्ठता डावलली गेली आणि त्यांनी राजीनामा दिला.

न्यायालयाचे दार बंद झाले, तेव्हा तारकुंडे नागरिकांकडे वळले. आणीबाणी चालू असतानाच, १७ ऑक्टोबर १९७६ रोजी दिल्लीत आचार्य कृपलानींच्या हस्ते पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज अँड डेमॉक्रॅटिक राइट्स या संघटनेचे उद्घाटन झाले. प्रेरणा जयप्रकाशांची होती, अध्यक्षपद तारकुंड्यांकडे आले. पक्षाशी बांधिलकी नसलेली, पण सर्व पक्षांच्या माणसांना खुली अशी ही संघटना होती. १९७७ मध्ये सत्तांतर झाले, तेव्हा पुष्कळांना आता तिची गरज उरली नाही असे वाटले. स्वातंत्र्यानंतरची चूक पुन्हा होऊ घातली होती. तारकुंड्यांनी ती होऊ दिली नाही. मित्रांचे सरकार आले तरी पहारा उठवायचा नसतो, हे त्यांनी ओळखले होते. त्याच वर्षी आंध्र प्रदेशात नक्षलवादी म्हणून चकमकीत मारल्या गेलेल्यांची चौकशी करणाऱ्या नागरी समितीचे नेतृत्व त्यांनी केले. चकमकी म्हणून सांगितलेल्या घटना प्रत्यक्षात पकडून केलेल्या हत्या होत्या, असे त्या समितीला आढळले आणि राज्य सरकारला न्यायालयीन आयोग नेमावा लागला. नोव्हेंबर १९८० मध्ये संघटनेची पुनर्रचना होऊन ती पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या नावाने कायमची उभी राहिली. अध्यक्ष पुन्हा तारकुंडेच झाले.

आपल्या जिल्ह्यातील वाचकाला येथे थांबावेसे वाटेल. बैहर-लांजीच्या जंगलपट्टीने नक्षलवादाची दीर्घ छाया पाहिली आहे. डिसेंबर १९९९ मध्ये राज्याचे मंत्री लिखीराम कावरे यांची त्यांच्याच गावी निर्घृण हत्या झाली. अशा प्रदेशात नागरी स्वातंत्र्याचा उच्चार केला की शंकेने पाहिले जाते. तारकुंड्यांचे चरित्र त्या शंकेला उत्तर देते. हिंसेने क्रांती घडवावी हे त्यांना कधीच मान्य नव्हते. माणसाला साधन मानणाऱ्या प्रत्येक मतप्रणालीपासून रॉयवादाने त्यांना दूर नेले होते. परंतु गुन्हेगार ठरविण्याचे काम न्यायालयाचे आहे, बंदुकीचे नाही, मग ती बंदूक कोणाच्याही खांद्यावर असो, हे त्यांचे सूत्र होते. जंगलातील आदिवासी दोन्ही बंदुकांच्या मध्ये सापडतो. त्याची बाजू घेणे म्हणजे मारेकऱ्यांची बाजू घेणे नव्हे.

१९८१ च्या न्यायाधीश खटल्यातील एक याचिका स्वतः तारकुंड्यांचीच होती. न्यायाधीशांच्या नेमणुकीत शासनाचा वरचष्मा नसावा, ही त्यातील मागणी त्या वेळी मान्य झाली नाही. पण जो स्वतः न्यायालयापर्यंत पोहोचू शकत नाही त्याच्यासाठी दुसऱ्या कोणीही दाद मागावी, प्रसंगी साध्या पत्रानेही मागावी, हे तत्त्व त्याच निकालात स्थिरावले. तो निकाल लिहिणारे भगवती हे १९७६ च्या बहुमतातले! माणसे बदलतात, न्यायालयेही बदलतात. कोणीतरी दार ठोठावत राहावे लागते.

तारकुंडे ते उतारवयातही ठोठावत राहिले. पंजाबमधील अत्याचारांवरील सिटिझन्स फॉर डेमॉक्रसीचा अहवाल १९८५ मध्ये जप्त झाला. १९९८ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि २२ मार्च २००४ रोजी, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. जबलपूर खटल्यातील पराभवाचे परिमार्जन मात्र दोन टप्प्यांत झाले. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही जीविताचा हक्क स्थगित करता येणार नाही असे ठरविले. ते त्यांनी पाहिले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकालच मोडीत काढला. ते पाहायला ते नव्हते. तो मोडणाऱ्यांत यशवंतराव चंद्रचूडांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते.

चरित्र वाचून मिटून ठेवण्यासाठी नसते. उद्या आपल्या गावातील एखाद्या मजुराच्या मुलाला पहाटे कोणी उचलून नेले, तर त्याच्या आईने कोठे जावे? अटकेचे कारण कळले पाहिजे, वकील मिळाला पाहिजे आणि प्रवासाचा वेळ वगळता चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, असे घटनेचे बाविसावे कलम सांगते. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाने कोठडीतील माणसाला, प्रत्येक स्त्रीला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला मोफत वकील द्यावयाचा असतो. तेथे उत्पन्न विचारले जात नाही. भोपाळला राज्याचा मानवाधिकार आयोग आहे, दिल्लीस राष्ट्रीय आयोग आहे, आणि तारकुंड्यांनी उभी केलेली संघटनाही आहे. साध्या कागदावर, नाव-गाव-तारीख-वेळ लिहून केलेला अर्जसुद्धा तेथे पोहोचतो. तो अर्ज लिहून देणारा साक्षर, निर्भय शेजारी मात्र गावातच असावा लागतो.

असा शेजारी घडविण्याचे काम ग्रंथालयाखेरीज कोण करणार? कायद्याचे एखादे सोपे पुस्तक, घटनेची एक मराठी प्रत आणि ती वाचून समजावून देणारा एक सभासद, एवढे भांडवल कोणत्याही वाचनालयापाशी असते. दुसऱ्या शतकात पाऊल टाकताना आपल्या ग्रंथालयाने त्यांच्यासाठी एक कपाट राखून ठेवावे. तारकुंड्यांचे स्मारक याहून मोठे असण्याची गरज नाही.