खेळाडूंनी वेदीपर्यंत नेलेला प्रशिक्षक : नूट रॉकनी

अमेरिकेच्या इंडियाना राज्यात साउथ बेंड नावाचे शहर आहे. त्या शहरालगत, दोन तळ्यांच्या काठी, होली क्रॉस धर्मसंघाचे फादर एडवर्ड सोरिन यांनी १८४२ साली एक विद्यालय सुरू केले आणि ते पवित्र मरियामातेच्या चरणी वाहिले. तेच आजचे नोत्र दाम विद्यापीठ. या फ्रेंच नावाचा अर्थ आमची माता असा होतो; अमेरिकन मंडळी मात्र त्याचा उच्चार नोटर डेम असा करतात. याच धर्मसंघाचे मिशनरी १८५३ साली पूर्व बंगालात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, येऊन पोहोचले होते. त्यामुळे हा धर्मसंघ आपल्याला अगदीच परका नाही.

या विद्यापीठाच्या आवारात लाकडी ओंडक्यांचे एक छोटेसे चॅपल आहे. शुक्रवार, दिनांक २० नोव्हेंबर १९२५ रोजी त्या चॅपलमध्ये फादर व्हिन्सेंट मूनी यांनी ३७ वर्षे वयाच्या एका गृहस्थांना बाप्तिस्मा देऊन कॅथलिक ख्रिस्तसभेत सामावून घेतले. हे गृहस्थ म्हणजे विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक नूट रॉकनी. त्या वेळी अमेरिकेत त्यांच्याइतका ख्यातनाम प्रशिक्षक क्वचितच दुसरा असेल. ते पंधरा वर्षे याच कॅथलिक संस्थेत वावरत होते, धर्मगुरूंच्या हाताखाली शिकले होते, त्यांच्याच संस्थेत नोकरी करीत होते. मग पंधरा वर्षे जे घडले नाही ते त्या शुक्रवारी कसे घडले? त्याचे उत्तर शोधताना आम्हांला त्यांचे सारेच जीवन चाळावे लागले.

रॉकनी यांचा जन्म ४ मार्च १८८८ रोजी नॉर्वे देशातील व्हॉस या गावी एका लुथरन कुटुंबात झाला. वडील लार्स हे घोडागाड्या बांधणारे कुशल कारागीर. १८९३ साली शिकागो येथे जे जागतिक प्रदर्शन भरले (ज्या निमित्ताने तेथे भरलेल्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंद बोलले, तेच हे प्रदर्शन), त्यासाठी लार्स अमेरिकेत आले आणि त्यांच्या पाठोपाठ कुटुंबही आले. नूट तेव्हा पाच वर्षांचे होते. शिकागोच्या मोकळ्या मैदानांत ते धावायला आणि फुटबॉल खेळायला शिकले. शाळा सुटल्यावर त्यांनी शिकागोच्या पोस्टात नोकरी धरली आणि काही वर्षे टपालाचे काम करून शिक्षणासाठी पैसे साठवले. १९१० साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते नोत्र दाममध्ये दाखल झाले. वर्गातील इतर मुलांपेक्षा ते वयाने मोठे होते, अंगाने लहानखुरे होते आणि धर्माने प्रोटेस्टंट होते.

ते अभ्यासात हुशार निघाले. रसायनशास्त्रात त्यांना फादर ज्युलियस न्यूलंड यांचे मार्गदर्शन लाभले. ज्या धर्मगुरूंच्या संशोधनातून पुढे निओप्रीन हे कृत्रिम रबर निर्माण झाले तेच हे फादर न्यूलंड. १९१४ साली औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेतल्यावर रॉकनी यांनी काही काळ तेथेच रसायनशास्त्र शिकवले. फुटबॉलने ओढून नेले नसते तर कदाचित ते प्रयोगशाळेतच रमले असते.

येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे. आपल्या धर्मग्रामांच्या मैदानांवर जो फुटबॉल खेळला जातो तो हा नव्हे. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू लंबगोल असतो, तो हातात घेऊन धावायचे असते आणि प्रतिपक्षाने त्या धावणाऱ्याला जमिनीवर पाडायचे असते. विसाव्या शतकाच्या आरंभी हा खेळ इतका दांडगा झाला होता की त्यात तरुणांचे बळी जाऊ लागले. म्हणून १९०६ साली चेंडू हाताने पुढे फेकण्यास नियमाने मुभा देण्यात आली. परंतु अनेक नामांकित संघ जुन्या धक्काबुक्कीलाच चिकटून राहिले. १९१३ च्या उन्हाळ्यात रॉकनी आणि त्यांचे सहाध्यायी गस डोराइस हे ओहायो राज्यात ईरी सरोवराच्या काठी सीडर पॉइंट येथील विश्रामस्थळी नोकरीला होते. काम आटोपले की वाळूत उभे राहून एकाने चेंडू फेकायचा आणि दुसऱ्याने धावत जाऊन तो झेलायचा, हा त्यांचा नित्यक्रम. १ नोव्हेंबर १९१३ रोजी, म्हणजे सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, नोत्र दामच्या संघाने वेस्ट पॉइंट येथे लष्करी अकादमीच्या बलाढ्य संघाचा ३५-१३ असा पराभव केला. डोराइस फेकत होते आणि कप्तान रॉकनी झेलत होते. या दोघांनी चेंडूफेकीचा शोध लावला असे पुष्कळदा सांगितले जाते, ते खरे नाही. मात्र तिची ताकद देशाला त्या दिवशी कळली. त्याच सीडर पॉइंटला रॉकनी यांची बॉनी स्काइल्स यांच्याशी ओळख झाली. १९१४ च्या जुलैमध्ये जवळच्या सँडस्की गावी, संत पेत्र व संत पौल यांच्या चर्चमध्ये, त्यांचा विवाह झाला. त्यांना चार अपत्ये झाली.

१९१८ साली रॉकनी मुख्य प्रशिक्षक झाले. तेरा हंगामांत त्यांच्या संघाने १०५ सामने जिंकले, १२ गमावले आणि ५ बरोबरीत सुटले. पाच हंगामांत संघ अपराजित राहिला. आकडेवारीत रमणाऱ्या वाचकांसाठी एवढे पुरे.

आकड्यांपेक्षा महत्त्वाचा आहे तो त्या वेळचा काळ. कॅथलिक असणे हे तेव्हा अमेरिकेत अनेकांच्या डोळ्यांत खुपत असे. काळ्या लोकांचा, ज्यूंचा आणि कॅथलिकांचा द्वेष करणारी कू क्लक्स क्लॅन ही संघटना इंडियाना राज्यात विशेष प्रबळ होती. १७ मे १९२४ रोजी क्लॅनने साउथ बेंडमध्ये मेळावा भरवला, तेव्हा नोत्र दामचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि त्यांची क्लॅनच्या लोकांशी चकमक उडाली. विद्यापीठाचे अध्यक्ष फादर मॅथ्यू वॉल्श यांना विद्यार्थ्यांना आवरताना फार सायास पडले. त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला न्यूयॉर्क येथे नोत्र दामने लष्करी अकादमीला १३-७ असे हरवले. ग्रँटलंड राइस या क्रीडापत्रकाराने त्या संघातील चार खेळाडूंना प्रकटीकरणाच्या पुस्तकातील चार घोडेस्वारांची उपमा दिली आणि स्टुलड्रेहर, क्राउली, मिलर व लेडन ही नावे घरोघरी पोहोचली. त्या हंगामातील सर्व दहा सामने संघाने जिंकले. अखेरचा १ जानेवारी १९२५ चा कॅलिफोर्नियातील सामना स्टॅनफर्डविरुद्ध होता. तो २७-१० असा जिंकला. आयर्लंड, इटली, पोलंड येथून आलेले कितीतरी कष्टकरी कॅथलिक, ज्यांनी महाविद्यालयाची पायरीही कधी चढली नव्हती, ते या संघाला आपला संघ मानू लागले. आणि या कॅथलिकांच्या लाडक्या संघाचा प्रशिक्षक अजून लुथरन होता!

त्याच काळात विद्यापीठात फादर जॉन ओहारा हे विद्यार्थ्यांच्या आध्यात्मिक जीवनाची धुरा वाहत होते. हेच पुढे फिलाडेल्फियाचे आर्चबिशप आणि कार्डिनल झाले. पोप दहावे पायस यांनी १९०५ साली वारंवार ख्रिस्तप्रसाद स्वीकारण्यास उत्तेजन दिले होते. फादर ओहारा यांनी ते मनावर घेतले आणि खेळाडूही त्यात मागे राहिले नाहीत. परगावी सामना असला तरी गाडीतून उतरताच मुले चर्चकडे धाव घेत आणि प्रशिक्षक मात्र हॉटेलात जाऊन विसावत. ही विसंगती आपल्याला बोचू लागली होती, असे रॉकनी यांनी स्वतःच पुढे सांगितले आहे. पूर्वेकडील एका मोठ्या सामन्याच्या आदल्या रात्री त्यांना चिंतेने झोप लागेना. पहाटे ते हॉटेलच्या दिवाणखान्यात येऊन बसले. इतक्यात दोन खेळाडू लगबगीने बाहेर पडताना दिसले, मागून आणखी काही. सारे मिस्साला निघाले होते. रॉकनी उठले आणि त्यांच्याबरोबर चालू लागले. चर्चमध्ये ती मुले एकामागून एक ख्रिस्तप्रसादासाठी वेदीच्या कठड्याकडे जाताना त्यांनी पाहिली. त्या काळी ख्रिस्तप्रसाद घ्यायचा तर मध्यरात्रीपासून पाण्याचा घोटही वर्ज्य असे, हे आपल्या ज्येष्ठ मंडळींना आठवत असेल. दुपारी अंगमोड सामना खेळायचा, तरीही ही मुले पहाटेची झोप मोडून उपाशीपोटी तेथे उभी होती. कोणीही प्रशिक्षकांना उपदेश केला नव्हता. आपल्याकडे कोणी पाहत आहे हे बहुधा त्या मुलांच्या ध्यानीही नव्हते.

येथे एक शंका आमच्याही मनात आली आणि ती वाचकांपासून दडवून ठेवणे योग्य होणार नाही. रॉकनी हे पट्टीचे गोष्टीवेल्हाळ होते आणि गोष्ट रंगवताना सत्याला मुरड घालायला ते कचरत नसत. १९२२ साली अटलांटा येथील सामन्यापूर्वी त्यांनी खेळाडूंना एक तार वाचून दाखवली. त्यांचा लहानगा बिली आजारी असून संघाच्या विजयाची वाट पाहत आहे असा तिचा आशय होता. मुले जिवाच्या आकांताने खेळून जिंकली. परतल्यावर स्टेशनवर बिली ठणठणीत उड्या मारत त्यांच्या स्वागताला हजर! जॉर्ज गिप यांची कथा याहून प्रसिद्ध आहे. हा अत्यंत गुणी, पण पत्ते आणि जुगार यांत रमणारा खेळाडू १४ डिसेंबर १९२० रोजी घशाच्या संसर्गातून झालेल्या न्यूमोनियाने अवघ्या २५ व्या वर्षी मरण पावला. मरण्यापूर्वी त्याने आपल्या नावे एक सामना जिंकण्याची विनंती केली होती, असे रॉकनी यांनी १० नोव्हेंबर १९२८ रोजी लष्करी अकादमीविरुद्धच्या सामन्यात खेळाडूंना सांगितले. त्या हंगामात संघ अडखळत होता. शिवाय चारच दिवसांपूर्वी, ६ नोव्हेंबरला, अमेरिकेच्या एका प्रमुख पक्षाचे पहिले कॅथलिक अध्यक्षपदाचे उमेदवार अल स्मिथ यांचा दारुण पराभव झाला होता. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये जमलेल्या कॅथलिकांची मने कशी असतील याची कल्पना करावी. नोत्र दामने तो सामना १२-६ असा जिंकला. परंतु गिप यांनी ती विनंती खरोखर केली होती की नाही, याविषयी अभ्यासक आजही साशंक आहेत.

मग हॉटेलातील त्या पहाटेवर विश्वास ठेवावा काय? आम्हांला वाटते, ठेवावा. तारेच्या आणि गिपच्या कथेतून एखादा सामना जिंकायचा होता. या कथेतून रॉकनी यांना काहीच जिंकायचे नव्हते. उलट त्यात ते स्वतःच हॉटेलात आराम करणारे प्रशिक्षक म्हणून दिसतात. शिवाय या कथेचा शेवट खेळाच्या मैदानावर होत नाही, तो बाप्तिस्म्यात होतो. बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रथम ख्रिस्तप्रसाद स्वीकारला. त्या वेळी त्यांचा मुलगाही त्यांच्यासोबत होता असे सांगितले जाते. त्याच दुपारी नॉर्थवेस्टर्नविरुद्ध मध्यंतरापर्यंत ०-१० असा पिछाडीवर पडलेला संघ अखेर १३-१० असा जिंकला. या योगायोगाला चमत्कार म्हणण्याचा मोह आम्ही टाळतो.

बाप्तिस्म्याने रॉकनी एका रात्रीत संत झाले नाहीत. त्याच डिसेंबरात ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाकडे जाण्यास तयार झाल्याची बातमी फुटली आणि त्यांना ओशाळवाणे होऊन माघार घ्यावी लागली. नोव्हेंबर १९२६ मध्ये प्रतिस्पर्ध्याला दुबळा समजून ते आपला सामना सोडून शिकागोला दुसराच सामना पाहायला गेले. इकडे पिट्सबर्ग येथे कार्नेगी टेकने त्यांच्या संघाला ०-१९ अशी धूळ चारली. १९२९ साली मात्र पायाच्या शिरांच्या गंभीर विकाराने ग्रासले असतानाही त्यांनी चाकाच्या खुर्चीतून संघाला मार्गदर्शन केले. त्या वर्षी नव्या स्टेडियमच्या बांधकामामुळे सारे सामने परगावी होते, तरी संघ अपराजित राहिला. त्यांच्या देखरेखीखाली उभे राहिलेले ते ५४,००० आसनांचे स्टेडियम १९३० मध्ये खुले झाले. तेथे त्यांना एकच हंगाम मिळाला.

३१ मार्च १९३१, पवित्र सप्ताहातील मंगळवार. एका चित्रपटाच्या कामासाठी रॉकनी लॉस एंजेलिसला निघाले होते. त्यांची दोन मुले कॅन्सस सिटी येथे शिकत होती, म्हणून ते वाटेत तेथे थांबले आणि सकाळी तेथून विमानात बसले. कॅन्सस राज्यातील बझार या खेड्याजवळ विमानाचा लाकडी पंख निखळला आणि ते कुरणात कोसळले. विमानातील आठही जण मृत्यू पावले. या अपघाताने देश इतका हादरला की लाकडी पंखांच्या विमानांवरील प्रवाशांचा विश्वास उडाला आणि विमान कंपन्या धातूच्या विमानांकडे वळल्या. आजचा विमानप्रवास सुरक्षित होण्यामागे त्या दुर्घटनेचाही वाटा आहे.

४ एप्रिल रोजी, पवित्र शनिवारी, विद्यापीठाच्या पवित्र हृदयाच्या चर्चमध्ये त्यांचा अंत्यविधी झाला. विद्यापीठाचे अध्यक्ष फादर चार्ल्स ओडॉनेल यांनी प्रवचन दिले आणि तो विधी रेडिओवरून देशभर ऐकला गेला. नॉर्वेचे राजे सातवे हाकोन यांनी त्यांना मरणोत्तर सन्मान बहाल केला. खेळाडूंनीच शवपेटी खांद्यावर वाहिली. पहाटेच्या मिस्साला ज्यांच्या मागून ते एकदा चालत गेले होते, त्या पिढीच्या धाकट्या भावंडांसारखी ही मुले.

पुढे साउथ बेंडच्या स्टुडबेकर कंपनीने १९३२ व १९३३ साली त्यांच्या नावाची मोटारगाडी बाजारात आणली. ती फारशी चालली नाही. १९४० साली त्यांच्या जीवनावर चित्रपट निघाला. त्यात गिप यांची भूमिका करणारे रोनाल्ड रेगन पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. राष्ट्राध्यक्ष असतानाच, ९ मार्च १९८८ रोजी, रेगन नोत्र दामला आले ते रॉकनी यांच्या जन्मशताब्दीनिमित्त काढलेल्या टपाल तिकिटाच्या प्रकाशनासाठी. तिकिटाची किंमत २२ सेंट होती. शिकागोच्या पोस्टात टपाल हाताळून जमवलेल्या पैशांवर शिकायला आलेल्या त्या मुलाचा चेहरा आता पत्रांवर चिकटून देशभर हिंडू लागला.